ऐकणारी आत्या

पद्मावती आत्याचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला आणि ती चामराजपेठेत आमच्या घरी परत आली. आमच्या लोकांत अशा बाईला ठेवून घेतात, म्हणजे स्वयंपाकघरात ठेवून घेतात, आणि त्याला माया म्हणतात. आत्या तिथंच चुलीपुढं म्हातारी व्हायची. पण शेजारच्या ख्रिश्चन बाईकडून ती इंग्रजी शिकली आणि एके दिवशी माझ्या वडिलांपुढं उभी राहून म्हणाली, "हणमंता, टेलिफोनमध्ये बायका घेतायत. मी जाणार." अप्पा तिचे धाकटे भाऊ. त्यांनी तिच्याशी अबोला धरला आणि पहिला पगार घरात आल्यावर सोडला.

एक्स्चेंज कुठलं ते मी सांगत नाही. आत्या तिथं ट्रंक कॉल जोडायची. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. नोकरी लागल्यावर ती रंगीत लुगडं नेसू लागली. आमच्या पंगतीत तिचं पान मांडलं जाऊ लागलं. घरात काही ठरवायचं झालं तर अप्पा म्हणत, "अक्काला विचारा." या "अक्काला विचारा"वर तिचा फार जीव होता. नोकरी गेली की तेही जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. आम्ही तीनशे वर्षं या कानडी मुलखात राहतो. बाजारात कन्नड बोलतो, कचेरीत इंग्रजी बोलतो आणि गुपित बोलायचं झालं की मराठीत बोलतो. दुकानदारापुढं, पाहुण्यांपुढं, डॉक्टरपुढंसुद्धा. मराठी बोललं की भोवती भिंत उभी राहिली, अशी आमची समजूत. त्या भिंतीच्या आतही माणसं असतात, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही.

माझा थोरला भाऊ प्राणेश, आमचा अण्णा, केंद्र सरकारच्या एका हिशेब कचेरीत होता आणि युनियनचा चिटणीस होता. साठ साली जुलैत केंद्रीय नोकरांचा संप ठरला. सरकारनं वटहुकूम काढून तो बेकायदेशीर ठरवला. अण्णा रोज बेळगावच्या सोबत्याला ट्रंक कॉल लावायचा. बोर्डावर आत्या असली की खूश व्हायचा. "आत्या, बेळगाव लाव गं, स्वल्प लवकर," म्हणायचा आणि मग मोकळेपणानं मराठीत सगळं बोलायचा. एक्स्चेंजमध्ये बाकी सगळे तमिळ, कन्नड नाहीतर अँग्लो-इंडियन. मराठी समजणारी एकटी आत्या, आणि ती तर घरची.

हाच हिशेब आत्याच्या साहेबानंही केला. त्यानं तिला खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं, हेच मुळात वाईट लक्षण. संप देशद्रोह आहे, म्हणाला. तुमची कायम व्हायची शिफारस माझ्या टेबलावर आहे, म्हणाला. बेळगावच्या लाईनवर काय बोलतात तेवढं मला तोंडी सांगत जा.

आत्यानं सांगितलं. काही लोक म्हणतात, ती घाबरली. मला तसं वाटत नाही. आत्या भित्री नव्हती. तिला ती नोकरी पुतण्याहून प्रिय होती का? मला वाटतं, होती. आणि ती तशी का झाली, हे तिला वर्षानुवर्षं चुलीपुढं बसवणाऱ्या आम्ही विचारायचं, यासारखा निर्लज्जपणा नाही. अण्णाला पोलिसांनी नुसतं धरून नेलं तर तो निदान नोकरी जाण्याआधी शहाणा होईल, असंही तिनं मनाला समजावलं असावं. माणूस वाईट करताना त्याला काहीतरी चांगलं चिकटवून घेतो.

संपाच्या आदल्या दिवशी पुढारी बळेपेठेत एका मित्राच्या घरी जमणार होते. पोलीस तिथं आधीच बसलेले. लाठी अण्णाच्या उजव्या हातावर बसली आणि दोन बोटं कायमची वाकडी झाली. कोठडीत एका अधिकाऱ्यानं त्याला त्याचीच वाक्यं इंग्रजीत वाचून दाखवली. मग अण्णाला काही विचारायची गरज उरली नाही.

घरी आल्यावर तो आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तो आत्याला फक्त म्हणाला, "तुमच्या हातचं मी जेवणार नाही." जन्मभर जिला "तू" म्हणाला तिला "तुम्ही" म्हणाला. आत्यानं हातातलं ताट खाली ठेवलं.

संप मोडला. हळूहळू लोकांना परत घेऊ लागले. अण्णाचं प्रकरण मात्र चिघळलं, म्हणून आमच्या नात्यातले वकील नरसिंहराव यांनी ते हाती घेतलं. रोज संध्याकाळी ते आमच्या झोपाळ्यावर बसत आणि नागरिकाच्या हक्कांवर बोलत. सरकारनं माणसाचं खाजगी बोलणं ऐकावं का? अप्पा म्हणत, देशावर संकट असेल तर ऐकावं. नरसिंहराव म्हणत, ऐकावं, पण तार-टेलिफोनच्या कायद्यात त्यासाठी सरकारचा हुकूम लागतो. हुकूम नसताना ऐकणं हा गुन्हा, आणि ऐकलेलं बाहेर सांगणं हा त्याहून मोठा गुन्हा. आत्या कॉफी आणून देई आणि हे सगळं ऐके.

एकदा तिनं विचारलं, "नरसिंहराव, साहेबानं तोंडी सांगितलं असेल तर?"

"साहेब ते कबूल करेल का, अक्का?"

"नाही."

"मग तोंडी सांगितलंच नाही."

नरसिंहरावांनी अण्णाच्या अर्जात सरकारला प्रश्न विचारला होता. कुणाच्या हुकुमानं फोन ऐकला? सरकारनं उत्तर दिलं, असा हुकूमच नव्हता. म्हणजे ऐकलं ते कुणीतरी आपल्या मनानं. म्हणजे बोर्डावरच्या बाईनं. साहेबानं खात्याच्या चौकशीत सांगितलं की या बाईंशी मी कामापलीकडं कधी बोललेलो नाही. आत्या खरं ते बोलली आणि तिच्याकडं साक्षीदार नव्हता. अण्णाला साक्षीला बोलावलं. मराठी कळणारी दुसरी कुणी तिथं नव्हती, एवढंच त्यानं सांगितलं. साहेबाचं नाव घेतलं असतं तर प्रकरण लांबलं असतं, असं नरसिंहरावांचं मत पडलं. चोरून ऐकलेल्या बोलण्याखेरीज सरकारकडं पुरावा नव्हता, म्हणून अण्णाला त्याची नोकरी परत मिळाली. आत्याची गेली. तुरुंग टळला, तो खात्याची अब्रू जाऊ नये म्हणून.

नरसिंहराव पेढे घेऊन आले. "तत्त्व जिंकलं," म्हणाले. पेढ्याचं ताट आत्यानंच फिरवलं.

तिचं पान पंगतीतून स्वयंपाकघरात गेलं. कुणी तसं सांगितलं नाही, नुसतं मांडलं नाही. शेजारणी आल्या की तिच्यादेखत गप्प बसत. अण्णाची कीर्ती वाढत गेली. तो वाकडी बोटं वर करून भाषणं करायचा, की ज्या देशात माणसाला घरच्या माणसाशी निर्धास्त बोलता येत नाही तो देश स्वतंत्र नाही. भाषण खरंच चांगलं असायचं. मी स्वतः टाळ्या वाजवल्या आहेत, त्याचा मला आजही राग येतो.

पुढं युनियनचा मोठा पदाधिकारी म्हणून अण्णाच्या नावानं घरी फोन आला. काळा, जड, हॉलमध्ये तिपाईवर. पहिल्याच दिवशी त्यानं डायलच्या भोकात छोटं कुलूप अडकवलं आणि किल्ली जानव्याला बांधली. फोन वाजला की तो उचलायच्या आधी स्वयंपाकघराकडं बघायचा. मग आत्या आपणच आतून दार लावून घ्यायला शिकली.

एका दुपारी अण्णा कचेरीत, मी माझ्या शाळेत, आई देवळात. घरात अप्पा आणि आत्या दोघंच. अप्पांच्या छातीत कळ आली आणि ते पानसुपारीच्या तबकावर कोसळले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत्यानं फोनचं कुलूप ओढून बघितलं. मग रिसीव्हर उचलला आणि तो ठेवायच्या खटक्यावर बोटानं आकड्याइतक्यांदा टकटक करून नंबर लावला. एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या कुणालाही ते येतं. डॉक्टर वेळेवर पोचले. आणखी थोडा उशीर झाला असता तर हणमंतराव हाती लागले नसते, असं ते मी परतल्यावर माझ्यासमोर म्हणाले.

निरोप मिळून अण्णा धावत आला. अप्पांच्या उशाशी बसला, डॉक्टरांशी बोलला. डॉक्टर गेल्यावर हॉलमध्ये जाऊन त्यानं कुलूप तपासलं. ते जसंच्या तसं होतं.

"डॉक्टरांना फोन कुणी केला?"

"मी," आत्या म्हणाली आणि कसा केला ते तिनं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं हे तुम्हाला येत होतं."

"येत होतं. केलं आजच."

"ते आम्ही कसं ओळखायचं?"

"हणमंता मरत होता रे."

"ते वेगळं," अण्णा म्हणाला.

"वेगळं कसं?" मी विचारलं. नंतरही मी बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो आत्याकडंच बघत होता, आणि मला दिसलं की त्याला खरंच भीती वाटते आहे. माझ्या मनातून तो त्याच दिवशी उतरला.

अप्पा वाचले. उठून बसता येईना, म्हणून आत्या त्यांना चमच्यानं पेज भरवायची. अण्णा त्यांना विचारायला आला, फोनचं काय करू. अप्पांनी घास गिळला.

"वर तुझ्या खोलीत नेऊन ठेव आणि खोलीला कुलूप घाल," ते म्हणाले. "एकदा ऐकलेल्या बाईचा भरवसा कोण देणार?"

आत्यानं पुढचा चमचा भरून त्यांच्या तोंडाशी धरला. अप्पांनी तोंड उघडलं.