जावईबापूंची पावडर

लढाई संपली आणि बेळगावच्या कॅम्पातल्या लष्करी कोठारातून डीडीटीची पावडर बाहेर मिळू लागली. मी त्या कोठारात कारकून. ढेकूण, डास, उवा, सगळ्यांवर एकच औषध! अनगोळच्या आमच्या घरातले ढेकूण मी एका दमात संपवले आणि तेव्हापासून स्वतःला अर्धा डॉक्टर समजू लागलो.

सासुरवाडी गुंजीची. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाल्याचं कळलं होतं, पण मी तिला अजून पाहिलं नव्हतं. बारशाला लोक झबलं-टोपडं नेतात, मी डीडीटीचा डबा नेला. त्या बाजूला हिवताप फार. पाळण्यात पावडर टाकायची आणि मगच लेकीला मांडीवर घ्यायचं, असं मी आगगाडीतच ठरवून टाकलं होतं.

"पाळण्यात न्हाय टाकायची," बायको म्हणाली. "पोरगी सारखी मूठ चोखती."

जावई रुसला की सासुरवाडीत कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. सासऱ्यांनी मधला मार्ग काढला, "गोठ्यात टाकू की, जावईबापू." माझं औषध म्हशींना? मी तडकलोच. पावडर किती निरुपद्रवी आहे हे दाखवायला भर पाहुण्यांत डबा स्वतःच्या डोक्यावर उपडा केला, आणि गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक होऊन हात पसरले. "द्या आता पोरीला."

"आधी आंघोळ करा," बायको म्हणाली.

परसात हौद होता. डासांच्या अळ्या खायला सासऱ्यांनी त्यात बारके मासे सोडले होते. म्हणजे माझ्या औषधाचं काम तिथं आधीच फुकटात चाललं होतं, पण अर्ध्या डॉक्टरला ते कसं दिसावं! लेकीला घ्यायची घाई झालेली. तांब्या न शोधता मी हौदातच डोकं बुचकळलं, सदराही त्यातच खळबळून काढला.

तोवर पोरगी झोपली होती. मग पंगत बसली. जेवून हात धुवायला गेलो, तर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते आणि सासरे ते टोपलीनं काढत होते. जावयाला बोलणार काय?

"उन्हानं मेलं असतील," ते म्हणाले. दिवस कडाक्याच्या थंडीचे होते.

लाज नंतर वाटली. आधी भीती वाटली: हीच पावडर मी पाळण्यात टाकणार होतो.

तेवढ्यात सासूबाई हसत पोरीला घेऊन आल्या. "घ्या, जावईबापू. उठली बघा." एवढंसं तांबूस तोंड, टकामका बघणारं. दिवसभर ज्यासाठी हटून बसलो होतो ते समोर आलं, आणि मी हात मागं घेतले.

"थांबा. अजून एकदा आंघोळ करून येतो."

"करा की," बायको म्हणाली. "पर हौदात नको. हिरीवर बी नको, समदा गाव पितो ते पाणी. व्हाळाला गेलासा तर तिथं म्हसरं पाणी पित्यात..."

ती बोलता बोलता थांबली. मग आंघोळ करायची कुठं, ते तिलाही सांगता येईना.