सासूबाईंची गाडी आणि अर्धा डबा मेण

गाड्यांना पॉलिश करणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे चकचकराव म्हणत. थंडी सुरू झाली की ते मेणाचा डबा शर्टाच्या आत, थेट पोटाशी बांधून हिंडायचे. कारण गारठलेलं मेण म्हणजे दगड. स्पंज त्यावर नुसता घसरतो, हाती काही लागत नाही. पोटाच्या उबेत ते कसं लोण्यासारखं राहतं. आता त्यापायी सगळा हिवाळाभर त्यांच्या अंगाला मेणाचा वास यायचा, ती गोष्ट वेगळी. बायको म्हणायची, "माझं लग्न माणसाशी लावलं होतं, मेणबत्तीशी नव्हे."

अशा या माणसाला एकच बोच होती. बावीस वर्षांत सासूबाईंच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द निघाला नव्हता. बाईंनी हयातभर शिवणक्लास चालवलेला, नजर सुईसारखी. जावई काय करतात असं कुणी विचारलं की, "पुसतात," एवढंच सांगायच्या आणि विषय बदलायच्या.

पण त्या हिवाळ्यात बाईंवरच वेळ आली. सासरे गेल्यावर त्या साठाव्या वर्षी गाडी शिकल्या होत्या आणि सासऱ्यांचीच जुनी, गडद हिरवी गाडी तोऱ्यात चालवत होत्या. थोरल्या बहिणीला ते काही बघवेना. "हा डबा भंगारात दे आणि तू घरात बस," हा तिचा रोजचा पाढा. एकदा बोलता बोलता ठिणगी पडली. बाई म्हणाल्या, "तुझ्या पंचाहत्तरीला ये म्हणतेस ना? याच गाडीने येते. बॉनेटमध्ये तुला तुझं तोंड दिसलं नाही, तर दुसऱ्या दिवशी गाडी विकून टाकते." आणि बाईंचा शब्द म्हणजे दुहेरी शिवण, उसवायची सोय नाही.

पंचाहत्तरीचा दिवस रविवारचा, वेळ सकाळी अकराची. चकचकरावांनी आदल्या दिवशी गाडी धुऊन, पॉलिशने घासून जुना मळकट थर काढून ठेवला होता. राहिलं होतं ते मेण. सकाळी सातला अंगणात उभे राहिले तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या. त्यांनी बॉनेटवर पातळ हात फिरवला आणि थांबले.

"का हो थांबलात?" बाई शाल गुंडाळून पायरीवर बसल्या होत्या.

"सुकू द्यायचं, आई. थंडीत वेळ घेतं. एक भाग लावायचा, सुकला की पुसायचा, मग दुसरा."

"या चालीने अकरा वाजता चारही चाकं तरी होतील का?"

"होईल, आई. घाई केली तर बिघडतं."

तेवढ्यात बायकोने चहाला हाक मारली. बोटं पार लाकूड झाली होती, म्हणून ते आत गेले. चहा झाला, मग बोटं शेकणं झालं, मग बायकोने पार्टीला कुठली साडी नेसू म्हणून तीन साड्या पुढ्यात टाकल्या. त्या प्रश्नातून कुठला नवरा पटकन सुटला आहे? पाऊण तास गेला.

बाहेर येऊन बघतात तो गाडी हिरवी राहिलीच नव्हती. टपापासून दारापर्यंत पांढरीफटक. पोळीला तूप लावावं तसं बाईंनी सगळ्या गाडीला मेण थापलं होतं आणि ते थंडीत कडक होऊन बसलं होतं. बाई हातात स्पंज घेऊन उभ्या होत्या.

"म्हटलं, तुमचा वेळ वाचेल," त्या म्हणाल्या. आवाज शिवणक्लासचा नव्हता. "आता पुसलं जात नाहीये हो. मी खूप घासलं."

ज्या माणसाने बावीस वर्षं या बाईची एक चूक सापडावी म्हणून वाट पाहिली, त्याच्यापुढे ही भलीथोरली चूक चार चाकांवर उभी होती. चकचकरावांनी तोंड उघडलंही. पण बाईंचं लक्ष बॉनेटकडे होतं. सासरे रोज सकाळी तिथे कोपर टेकून पेपर वाचायचे. चकचकरावांनी तोंड मिटलं आणि डबा उचलून आत डोकावलं.

"काही बिघडलं नाही, आई. मेणाला मेणच सोडवतं. वरून थोडं ताजं चोळायचं आणि लगेच पुसायचं, खालचंही निघून येतं."

"मग चोळा ना."

"तळाशी अर्ध्या गाडीपुरतंच उरलंय. आणि आज दुकान बंद."

बाईंनी क्षणभर विचार केला. मापात कमी पडलेल्या कापडाची कितीतरी पोलकी त्यांनी बेतून काढली होती. "बॉनेट, टप आणि माझ्या दाराची बाजू," त्या म्हणाल्या. "फडकं द्या इकडे."

मग काय, दोघं लागली कामाला. ते पुढून चोळत, बाई मागोमाग पुसत.

"गोल गोल नको, आई, सरळ."

"चाळीस वर्षं मी पोरींना हेच सांगत आले."

"मग जोर कमी करा. गाडी आहे, जावई नाही."

बाई हसल्या. पदराने कपाळ पुसलं, एवढ्या थंडीत घाम आला होता. थोड्या वेळाने म्हणाल्या, "रोज किती गाड्या करता हो असल्या?"

"दोन. कधी तीन."

बाईंच्या हाताखालचं फडकं हलकं चालू लागलं.

अकराला दहा कमी असताना निघाले. बायको ऐटीत मागे, चकचकराव पुढे सासूबाईंच्या शेजारी. थोरलीच्या अंगणात उजव्या हाताला पाहुणे जमलेले. बाईंनी बायकोला बाहेरच उतरवलं आणि गाडी अशी काही आत घेतली, की पांढरी बाजू भिंतीला चिकटली म्हणा ना. मधून मांजरही गेलं नसतं. झळझळीत हिरवी बाजू ऊन खात सगळ्यांसमोर.

थोरली काठी टेकत आली. बॉनेटवर वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"अगं," थोरली म्हणाली, "माझा चष्मा वाकडा बसलाय. सकाळपासून घरात वीस माणसं आहेत, एकाने सांगितलं नाही." आणि तिने तिथेच, बॉनेटमध्ये बघून चष्मा सरळ केला. केसही नीट केले. मग म्हणाली, "राहू दे तुझी गाडी. कुणी केलं हे काम?"

बाई ऐटीत खाली उतरल्या. "आमच्या जावयांनी. मी त्यांच्या हाताखाली होते."

"मग बोलाव की त्यांना बाहेर."

"त्यांना थंडी बाधते," बाई म्हणाल्या आणि मागे वळून चकचकरावांकडे असं पाहिलं, की ते भिंतीकडचं पांढरं दार उघडायला गेलेला हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

पंचाहत्तरीचा केक त्यांनी गाडीतच खाल्ला. दोनदा मागून खाल्ला. खिडकीतून बशी द्यायला दोन्ही वेळा सासूबाई स्वतः आल्या होत्या.