पाहुण्याचा बॉल

लाल-पिवळा शामियाना दिसला की मला शिसारी येते. लग्नाचा असला तरी येते. घरचे म्हणतात, तुझं डोकं फिरलंय. फिरलंच असेल, पण ते कुठल्या मैदानावर फिरलं हे मला पक्कं ठाऊक आहे.

माझी मुलगी गोलकीपर आहे. नारायणगुड्याच्या एका जुन्या क्लबात ती लहानपणापासून खेळते. क्लब म्हणजे काय, तर एक खोली, तिच्यात फाटक्या जाळ्या आणि उंदरांच्या लेंड्या, आणि सकाळी शेजारच्या शाळेचं मैदान वापरायची परवानगी. आम्ही हैदराबादेत, चिक्कडपल्लीत राहतो. मी विम्याच्या कचेरीत आहे. कचेरीच्या आधी तिला स्कूटरवरून मैदानावर न्यायचं आणि पायरीवर बसून डब्यातला उपमा खायचा, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. सुरुवातीला मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मग हळूहळू कळायला लागलं, आणि कळायला लागल्यावर चीड यायला लागली.

आमच्या शहरात कप पुष्कळ. कुणा जुन्या खेळाडूच्या आठवणीत एक, कुणा पुढाऱ्याच्या आईच्या नावानं एक, कुणाच्या वाढदिवसाचा एक. खेळणारे क्लब मात्र तेच. त्यातले काही अर्धमेले, आमच्यासारखे. काही नवे, कुकटपल्लीकडचे, सगळ्यांच्या सारख्या बॅगा आणि सारखे बूट असलेले. जुने लोक सांगतात की एके काळी हैदराबादचा फुटबॉल म्हणजे देशात नाव होतं. असेल. आता नाव बॅनरवर असतं, आणि तेही खेळाडूचं नसतं.

तर त्या वर्षी मुलींच्या एका कपाच्या फायनलमध्ये आमचा क्लब पोहोचला. कसा पोहोचला त्याचं आमच्या कोचलाच नवल वाटत होतं. हे कोच म्हणजे बस डेपोतून रिटायर झालेले एक चाचा, स्वभावानं भले, आवाजानं फाटके. फायनलचं महत्त्व कपापुरतं नव्हतं. राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडायला निवड समितीचे साहेब फायनलला येणार होते. माझ्या मुलीच्या वयाच्या गटातलं ते शेवटचं वर्ष. यंदा शिबिरात गेली तर पुढचा रस्ता होता, नाही तर सकाळी मैदान आणि मग कुठल्या तरी कॉलेजात बीकॉम. ती हे बोलून दाखवत नसे, पण रात्री ग्लोव्ह्ज धुऊन पंख्याखाली वाळत घालताना तिच्या चेहऱ्यावर ते दिसायचं.

फायनलच्या आधीच्या आठवड्यात मी पायरीवर बसले होते. चाचा तिला हळू हळू बॉल मारत होते, इतका हळू की शेजारची म्हातारीसुद्धा अडवेल. आणि ती पडत होती आणि बॉल आत जात होता. मला वाटलं, हिला बरं नाही.

"नीचे जाना, मगर जरा देर से," चाचा सांगत होते. "फोटो में कोशिश दिखना, और बॉल अंदर जाना. समझी क्या?"

मी उठून गेले. "चाचा, ये क्या सिखा रहे?"

"मेहमान का बॉल, अम्मा," ते म्हणाले. वर असं बघितलं जणू मीच जगावेगळं काही विचारलं.

तेव्हा मला ही रीत कळली. फायनलला प्रमुख पाहुणे येतात. पाहुण्यांनी नुसतं बसून कसं चालेल? ते मैदानात येतात, शामियान्याजवळच्या गोलसमोर बॉल ठेवला जातो, पाहुणे तो मारतात, आणि गोलकीपरनं तो सोडायचा असतो. सोडायचा, पण उभं राहून नाही, कारण तसं केलं तर पाहुण्यांचा अपमान होतो. जीव तोडून उडी मारल्यासारखं दाखवायचं आणि चुकायचं. म्हणजे फोटोत पाहुण्यांचा गोल खरा वाटतो. सगळे क्लब आपापल्या गोलकीपरला हे शिकवतात. मागे एका क्लबाच्या पोरानं तो बॉल अडवला होता, दोन्ही हातांत धरला होता म्हणे. पाहुणे हसले, टाळ्याही वाजवल्या. पुढच्या वर्षापासून त्या क्लबाचा अर्ज दर वेळी "उशिरा" पोहोचायला लागला. आता तो क्लब नाही.

मी घरी येऊन तणतण केली. माझे वडील नांदेडकडून नोकरीसाठी इथं आले. साहेब असो की शिपाई, जय भीम म्हणून ताठ मानेनं भेटायचे. कुणापुढं वाकायचं नाही, एवढं एकच त्यांनी आम्हाला शिकवलं. आणि त्यांची नात पडायला शिकत होती, तेही सकाळी सहाला उठून.

"मम्मी, ड्रामाच आहे तो," मुलगी म्हणाली. "एक बॉल. कैकू एवढं टेन्शन घेते तू?"

मी चाचांशी भांडायला गेले नाही. क्लबातल्या बाकीच्या पोरींचाही प्रश्न होता.

फायनलच्या दिवशी मी सुट्टी टाकली. मैदानाच्या एका बाजूला तो शामियाना, आत मखमली सोफे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि शालींचा ढीग. शाळेत मुलींसाठी एकच बरा संडास होता. तो फिनाईलनं धुऊन त्याला कुलूप घातलं होतं, कारण पाहुण्यांबरोबर बायका आल्या तर त्यांना लागेल. खेळणाऱ्या मुली भिंतीपलीकडच्या एका घरात विनवण्या करून जाऊन येत होत्या. मी शामियान्यात जाऊन किल्ली मागितली. छातीला बिल्ला लावलेला एक माणूस म्हणाला, "मेहमान आने के बाद देखेंगे, मॅडम." मला वाटलं ती किल्ली त्याच्या घशात घालावी.

माझ्या शेजारी कुकटपल्लीच्या क्लबातल्या गोलकीपरची आई बसली. पुण्याची. नवरा-बायको दोघं कॉम्प्युटरमध्ये. मला फोनवर बोलताना ऐकून तिनं विचारलं, "तुम्ही मराठी? बोलण्यावरून वाटलं नाही हं." हे मला इथं जन्मापासून ऐकायची सवय आहे, तरी दर वेळी तिडीक जातेच. पण बाई वाईट नव्हती. तिनं चकल्या दिल्या, मी खाल्ल्या.

पाहुण्यांची वाट बघून बघून शेवटी मॅच सुरू केली, कारण मैदानाला दिवे नाहीत. आणि काय खेळली माझी पोरगी! कुकटपल्लीच्या मुली दमदार, वेगानं यायच्या. एकदा तर एक पोरगी एकटीच समोर आली. ही पुढे धावून तिच्या पायांवर पडली आणि बॉल पोटाशी धरून उठली. पुण्याच्या बाईसुद्धा "बापरे" म्हणून उभ्या राहिल्या. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. साहेबांची खुर्ची मात्र रिकामी. ते पाहुण्यांच्या गाडीतून येणार होते.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या, आणि शामियान्याजवळचा गोल आमच्याकडे आला. म्हणजे पाहुण्यांचा बॉल हिच्याच वाट्याला. तरी मी मनातल्या मनात म्हणत होते, ट्रॅफिक लागो, टायर फुटो, काही तरी होवो.

काही झालं नाही. आमच्या टीमला पलीकडच्या टोकाला कॉर्नर मिळाला होता. आमची पोरगी बॉल ठेवून मागे सरकली होती, धावणार एवढ्यात शिटी वाजली. मॅच बंद. गाड्या मैदानाच्या आत आल्या, अगदी रेघेपर्यंत. घामानं निथळणाऱ्या पोरींना रांगेत उभं केलं. पाहुण्यांनी हात मिळवले, मग रुमालाला हात पुसले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग भाषणं. मुलींनी खेळलं पाहिजे, मुली देशाची शान आहेत वगैरे. संडासाला कुलूपच होतं. पाहुण्यांना लवकर जायचं होतं म्हणून कप तेव्हाच देऊन टाकला. कुणाला? दोन्ही कॅप्टनना मिळून. दोघींनी कपाचा एकेक कान धरला, पाहुणे मध्ये. म्हणजे कोणीही जिंको, फोटो चालेल. मग कप परत त्याच्या खोक्यात गेला.

आणि मग तो बॉल. पाहुण्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत, चकचकीत काळे बूट. एकदा पाय बॉलच्या वरून गेला. सगळे म्हणाले, "वा सर, प्रॅक्टिस!" दुसऱ्यांदा लागला. बॉल गवतावरून रांगत रांगत तिच्या डाव्या बाजूनं निघाला. ती पडली, उशिरा, अगदी शिकवल्यासारखी. बॉल जाळीत. टाळ्या, फोटो. चाचांनी खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या. माझ्या तोंडात कडू आलं, खरोखरचं कडू. मी पाण्यानं चूळ भरून पायरीखाली थुंकले आणि पुण्याच्या बाईनं पाय बाजूला घेतले.

मॅच परत सुरू झाली तेव्हा रेफ्रीला कॉर्नरची आठवणच नव्हती. बॉल सरळ समोरच्या गोलकीपरकडे. चाचा ओरडले, कुणी ऐकलं नाही. उजेड जात होता आणि गोल कुणाचाच झाला नव्हता, म्हणून उरलेला वेळ कापला आणि थेट पेनल्ट्या घेतल्या. बॉल दिसेना अशा त्या संधिप्रकाशात माझ्या पोरीनं दोन पेनल्ट्या अडवल्या, एक तर बोटांच्या टोकांनी बारवरून घालवली. आम्ही जिंकलो. पोरी एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या. मी शामियान्याकडे वळून पाहिलं. पाहुणे गेले होते. राहिलेले सगळे मैदानाकडे पाठ करून बिर्याणीची पाकिटं उघडत होते, आणि त्यांतच निवड समितीचे साहेब होते, एका हातात मिर्चीच्या सालनाची वाटी.

थोड्या वेळानं त्यांनी चाचांना नावं सांगितली. आमची एक डिफेंडर, कुकटपल्लीच्या दोघी. गोलकीपर पुण्याच्या बाईंची मुलगी. बाई माझ्याजवळ आल्या, कसनुसं हसत म्हणाल्या, "खरं तर तुमचीच व्हायला हवी होती." म्हणायला काय जातं? मी त्यांना बाजूला सारून शामियान्यात गेले. मुलगी बॅग घेऊन माझ्या मागे आली, ते मला नंतर कळलं.

"साब, उसने दो पेनल्टी रोकी," मी म्हणाले.

"हौ, बोले मेरेकू. हम अंदर थे, मॅडम. मैं आए बाद इनका एकीच बॉल देखा."

"वो तो छोडने कू बोले थे! सब कू मालूम है."

"मेरेकू भी मालूम है." त्यांनी कागदी रुमालानं बोटं पुसली. चिडले नव्हते, उलट मला समजावत होते. "मैं भी गोलकीपरइच था, मॅडम. एक बात बोलूं? छोडना बोले तो भी असली गोलकीपर का हाथ नै सुनता. हाथ उठ जाता. इनका नै उठा."

"आपका उठा था क्या? मेहमान के बॉल पे?"

ते पाकिटात बघायला लागले. "हमारे टाइम की बात अलग थी," म्हणाले, आणि लिंबू पिळलं.

एवढा किळसवाणा माणूस मी पाहिला नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. त्याला खेळ कळत होता, हेच जास्त किळसवाणं. अडवला असता तर क्लब गेला असता. सोडला तर मुलगी गेली. आणि दोन्हीकडून यांची बिर्याणी गरमच.

मी मागे वळले तेव्हा ती उभी होती. आम्ही स्कूटरवर निघालो. नारायणगुड्याच्या सिग्नलला खूप गर्दी होती, समोर बस, मागून हॉर्न. मी अजून त्या माणसाला शिव्या देत होते, मराठीत, उर्दूत, जे येईल त्यात. तिनं मागून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली.

"मम्मी, बस कर ना," ती म्हणाली. "उठला होता माझा हात. मीच खाली ओढला."