सरीच्या दुसऱ्या टोकाला

इरा आणि निहार,

मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा तारीख घालून ठेवणारी तुमची आजी असल्या विषयावर लिहायला बसेल, असं तुम्हाला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. जन्मभर इंग्रजी शिकवलं. मुलांना एकच सांगत आले - जे सांगायचं त्याला पुरावा द्या. अंगात येणं, नजर लागणं, मेलेल्या माणसांनी हाका मारणं... आमच्या घरात या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जायची.

पण इरा, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, रूपालीताईने एम.एस्सी.च्या ॲप्लिकेशनसाठी ते स्टेटमेंट कसं लिहिलं? मला पहिलं वाक्यच सुचत नाहीये." मी म्हणाले, सवडीने सांगेन. आज सांगते. निहार, तूही वाच, आणि तुझ्याकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर कळव. माझ्याकडे नाही.

रूपाली म्हणजे माझ्या थोरल्या भावाची नात. भावाला सगळे तात्या म्हणत, मी दादा म्हणायची. त्याचा मुलगा संपत, म्हणजे रूपालीचा बाप, बावड्याला शेती करतो. रूपाली बी.एस्सी. ॲग्री झाली आणि मातीच्या अभ्यासासाठी तिला नेदरलँडला जायचं होतं. आदल्या वर्षी तिने जिथे जिथे अर्ज केले तिथून नकार आले होते. संपतने सांगून टाकलं होतं, "ह्या साली न्हाय झालं तर बँकेच्या परीक्षेला बसायचं. मग पुन्हा परदेशाचं नाव काढायचं न्हाय." तेव्हा ही तिची शेवटची खेप होती. म्हणून ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे, जळोचीला, येऊन राहिली.

आम्ही कामाला लागलो. मार्कांच्या प्रती, शिफारसी, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, सगळं मी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावून दिलं. अडलं ते स्टेटमेंटवर. तुम्ही हा विषय का निवडला, एवढंच त्यात सांगायचं असतं. तिने लिहिलं होतं, लहानपणापासून मला शेतीची आवड आहे. मी ते खोडलं. मग तिने लिहिलं, आमच्या भागात अतिरिक्त सिंचनामुळे जमिनी नापीक होत आहेत. मी इंग्रजी सुधारून दिलं. वाचून म्हणाली, "आजी, छान झालंय. पण हे कुणीही लिहिलेलं असू शकतं."

"मग तुझं लिही. आमच्या भागात म्हणजे कुणाच्या जमिनी?"

तिने लॅपटॉप मिटला. मीही पुढे विचारलं नाही, कारण उत्तर दोघींनाही माहीत होतं. त्यांच्याच मळ्यातलं विहिरीजवळचं रान चोपण झालेलं आहे. पाणी फार झालं की जमिनीतले क्षार वर येतात, वर पांढरा थर धरतो, खाली माती चिकट होते आणि मग तिथे पीक येत नाही. पूर्वी त्या रानात दादाचा ऊस माणूस बुडेल एवढा व्हायचा. दादा आजारी पडला, दवाखाना आणि घर यांत संपत पुरा पडेना, तेव्हा त्याने मोटरीला ऑटो बसवला. म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू, गेली की बंद. रानात कुणी असो वा नसो, पाणी वाहतच राहायचं. दादा गेला. पुढेही ऑटो तसाच राहिला आणि काही वर्षांत रान गेलं. त्या घरात यावर कुणी बोलत नाही. संपत तर त्या रानाकडे फिरकतच नाही.

अर्जासोबत जमिनीचे फोटो जोडता येणार होते. म्हणून भवानीनगरच्या कारखान्यावर ऊस घालायला आलेल्या संपतच्याच जीपमधून आम्ही बावड्याला गेलो. जानेवारी महिना. कारखान्याच्या मळीचा वास इंदापूरपर्यंत माझ्या नाकातून गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर रूपाली आणि मी त्या रानात गेलो. भरदुपार, लख्ख ऊन. हे मुद्दाम सांगते, कारण असल्या गोष्टींत नेहमी अंधार असतो. तिथे अंधार नव्हता. सावली देणारं झाडसुद्धा नव्हतं.

रान सगळं उघडं. मधेमधे लव्हाळा, एका कडेला वेडी बाभूळ. विहीर रानाच्या पार वरच्या टोकाला. तिच्यावरची मोटर केव्हाच काढून नेलेली. शेजारच्या रानातला ऊस तुटून गेला होता, पाचटात बगळे किडे टिपत होते. रूपाली खाली बसून पांढऱ्या थराचा फोटो घेत होती. मी रानाच्या खालच्या टोकाला उभी होते, जिथे पूर्वी सऱ्या संपायच्या.

तेवढ्यात विहिरीच्या बाजूने हाक आली -

"भरलं का गं?"

मुलांनो, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. उसाला सरीतून पाणी देतात. पाणी सोडणारा वरच्या टोकाला, खोरं घेऊन. ऊस उंच झाला की त्याला दुसरं टोक दिसत नाही, म्हणून तिथे घरातलं एखादं पोर उभं करायचं. पाणी सरीच्या शेवटापर्यंत आलं की पोराने ओरडायचं, "भरलं, मोड." मग वरचा माणूस मातीचं दारं मोडून पाणी पुढच्या सरीत घालणार. आमच्या घरात ते पोर म्हणजे मी. शाळा सुटली की दप्तर बांधावर ठेवून टोकाला उभी राहायची. मी पुस्तकात डोकं घालून बसले की दादा वरून विचारायचा, "भरलं का गं?" कधी चिडायचा नाही. फक्त विचारायचा.

हाक त्याचीच होती. मी घाबरले नाही, खरं म्हणजे काही कळायच्या आतच आमच्या टोकाकडून उत्तर गेलं. मोठ्याने, खणखणीत - "भरलं, मोड!" शेजारच्या पाचटातले बगळे एकदम उडाले.

मी रूपालीकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच बघत होती.

"आजी, काय झालं? कुणाला हाक मारलीत?"

"मी? तू ओरडलीस ना."

"मी कशाला ओरडू? मी तर फोटो काढत होते. तुम्हीच ओरडलात. भरलं, मोड. बगळे उडाले की."

"आणि त्याच्या आधी कुणी विचारलं ते?"

"कुणी काय विचारलं?"

तिला प्रश्न ऐकूच आला नव्हता. मला प्रश्न ऐकू आला, आणि उत्तर आलं ते तरण्या पोरीच्या आवाजात, म्हणून मी ते तिचं समजले. ती शपथेवर सांगते की आवाज माझ्या जागेवरून आला. आता थायरॉईडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज कसा झालाय ते तुम्ही फोनवर ऐकताच. "आजी, जरा मोठ्याने बोल," असं दोघंही म्हणता. मला हाका मारता येत नाहीत, दारातल्या भाजीवालीला बोलवायला मी टाळ्या वाजवते. त्या आवाजाने बगळे उडतील?

मी जमेल तेवढं तपासलं. विहिरीपर्यंत चालत गेले, तिथे कुणी नव्हतं. शेजारी घरीच झोपलेले होते, आणि त्यांच्याकडे आता ठिबक आहे, सरीला पाणी कुणी देतच नाही. वाऱ्याने लांबचा आवाज आला म्हणावं, तर पान हलत नव्हतं. ऊन लागलं असेल मला. पण रूपालीला?

परत येताना ती काढलेले फोटो बघत चालली होती. मग म्हणाली, "आजी, भरलं, मोड म्हणजे काय?"

तिने हे शब्द कधी ऐकलेच नव्हते. तिला कळायला लागलं तेव्हा ते रान पडीक झालं होतं, आणि दुसऱ्या रानात ठिबक होतं. मी तिला सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. ऐकता ऐकता ती बांधावर थांबली.

"म्हणजे टोकाला कुणीतरी उभं असायचं."

"असायलाच लागायचं."

"आणि ऑटो बसवल्यावर?"

"ऑटो बसवल्यावर कशाला कोण उभं राहील?"

"तेच ना आजी," ती म्हणाली. "पाणी सुरू करायची सोय सगळ्यांनी केली. भरलं म्हणून सांगणारं कुणी ठेवलंच नाही. मला तेच करायचंय. टोकाला जमिनीत काहीतरी ठेवायचं, जे सांगेल, बास, भरलं."

तिने एका बैठकीत सगळं लिहून काढलं. इंग्रजी जरा खडबडीत होतं, मी दोन-चार शब्दांपलीकडे हात लावला नाही. पण त्यात ऑटो बसवणारा होता, आणि तो तिचा बाप होता. मी म्हणाले, हे त्याला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही. ती म्हणाली, "तुम्ही वाचून दाखवा. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

संध्याकाळी संपत ओट्यावर बसून ठिबकचा फिल्टर धूत होता. त्याची बायको सुनीता चहा घेऊन आली. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेले. दवाखान्याचं आलं, ऑटोचं आलं. संपतचा हात थांबला नाही, पण जाळी केव्हाच स्वच्छ झाली होती आणि तो तीच घासत होता. वाचून झालं. शेवटी मी दुपारची गोष्ट सांगितली. सांगायचं ठरवलं नव्हतं.

त्याने मान वर केली. "तात्यांचा आवाज व्हता? नक्की?"

"दादाचाच."

"रागानं इचारत व्हते का?"

"नाही रे. पाणी कुठवर आलं, एवढंच विचारत होता. पूर्वी विचारायचा तसंच."

त्याने जाळी फिल्टरमध्ये बसवली. मग रूपालीला म्हणाला, "धाड तसंच. माजं नाव घाल. संपत कोण, ते समदं नीट लिव्ह."

सुनीता कपबशा उचलत म्हणाली, "बघा, लोकांची नावं पोरं बोर्डात आली म्हणून गाजत्यात. आमचं नाव मोटार बंद न केल्यामुळं परदेशात निघालं." सगळ्यांत आधी संपतच हसला.

उन्हाळ्यात रूपालीला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तेव्हा इरा, पहिलं वाक्य सुचत नसेल, तर तुझ्या घरात कुठल्या गोष्टीवर कुणी बोलत नाही ते आधी आठव. कदाचित तिथेच असेल. आजीचा एवढाच सल्ला.

बाकी त्या दुपारचं मी खूप उलगडून पाहिलं. माझ्या घशाच्या डॉक्टरांनाही विचारलं, एखाद्या वेळी आवाज परत येतो का. ते म्हणाले, "असा येत नाही, आणि आलाच तर असा जात नाही." रूपालीशी अजून फोनवर वाद होतो. ती म्हणते तुम्ही, मी म्हणते तू. दोघी खरं बोलतो आहोत, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. यापलीकडे काही सांगता येत नाही.

रूपालीला विमानात बसवून आल्यावर मी थोडे दिवस बावड्यालाच होते. एका दुपारी संपत चपला घालून एकटाच निघाला. कुठे, ते सांगितलं नाही. विहिरीच्या वाटेला लागलेला मात्र सुनीताने आणि मी पाहिला. उन्हं उतरल्यावर परत आला, हातपाय धुतले, माझ्याजवळ येऊन बसला.  त्यानेच सांगितलं.

"लई येळ टोकाला थांबलो आत्या. काय हाक न्हाय आली. शांत हाय."