मातीचं कोरड्यास

नववीच्या वर्गात कार्बनचं चक्र शिकवताना माझा आवाज जरा जास्तच चढायचा. आवडता धडा ना! फळ्यावर झाड, शेळी, माणूस काढायचा आणि बाणांनी सगळ्यांना एकमेकांत गुंतवून टाकायचं. आपण सोडलेला श्वास झाड घेतं, झाडाचा पाला शेळी खाते, शेळी मातीत जाते, मातीतले जीव तिला खाऊन तोच कार्बन पुन्हा हवेत सोडतात. एका पोरानं विचारलं, "मॅडम, मग माझा श्वास फुलंब्रीच्या कपाशीत जाईल?"

"का नाही जाणार?" मी म्हटलं.

शाळा शहरात आणि घर फुलंब्रीजवळ, त्यामुळे रोज एसटीनं जाणं-येणं. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. संध्याकाळी हा किस्सा घरी सांगितला, तर दादा, म्हणजे माझे वडील, लगेच मायकडे वळले. "बोल गं, बोल. तू जितकं बोलशील तितका मका वाढंल." मायनं भाकरी परातीत अशी थापली की दादा गपचूप उठून ओट्यावर गेले.

आमच्याकडं एक ठरलेलं होतं. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायची, चुलीपुरती ठेवून बाकीची रानातच पेटवायची, आणि चैत्रात त्या रानात मेंढ्या बसवायच्या. धनगराचा कळप आठ-दहा दिवस मुक्कामाला असायचा. रात्रभर मेंढ्या जाळीत बसायच्या, त्यांचं लेंडी-मूत मातीला मिळायचं, आणि आम्ही धनगरांना ज्वारी द्यायचो. त्या कळपाची मालकीण दादांची मानलेली बहीण. तिला मी आत्या म्हणायचे. दरसाल ती आली की दादा आधी तिला चोळीचा खण द्यायचे आणि मग मेंढ्यांकडं बघायचे.

त्या वर्षी मी पऱ्हाटीवरून भांडणच काढलं. "सहा महिने झाडानं हवेतून ओढून जमवलेलं तुम्ही एका दुपारी परत हवेत सोडता! हाती काय उरतं? राख! यंत्रानं बारीक करा आणि मातीत गाडा."

"आन चुलीला काय घालू, तुझं पुस्तक?" माय म्हणाली.

दादांनी मात्र ऐकलं. पोरगी शिकलीय, याचा त्यांना इतका अभिमान की मी बैलाला इंग्रजी शिकवा म्हटलं असतं तरी त्यांनी पाटी आणली असती. इथवर ठीक होतं. पण शहाणपणाला लगाम कुठं असतो? मी पुढं म्हणाले, "एवढा काडीकचरा मातीत चाललाय, मग यंदा मेंढ्या कशाला?" दादांनी आत्याला निरोप धाडला, यंदा नको म्हणून.

पाऊस झाला, त्या रानात मका उगवला, आणि गुडघ्याएवढा होता होता पिवळा पडला. बांधापलीकडं शेजाऱ्यांचा मका हिरवागार, आणि आमचा कावीळ झाल्यासारखा. मी घाबरून पुस्तकं चाळली तेव्हा कळलं. कच्ची काडी कुजवताना मातीतले जीव सगळं नत्र स्वतःच खाऊन टाकतात, पिकाला काही उरत नाही. हे पुस्तकात आधीपासूनच होतं. मीच पुढचं पान वाचलं नव्हतं.

पारावर लोक हसायचे. "मास्तरणीचा मका पाहिला का?" दादा सांगायचे, "बी खराब निघालं." खताची गोणी टाकून त्यांनी निम्मंशिम्मं पीक वाचवलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं! पण मला खरी भीती पिकाची नव्हती. आत्याचा कळप आता दुसऱ्यांच्या रानात बसू लागला होता, आणि माझ्या शहाणपणापायी दादांची बहीण तुटत होती. चैत्र तोंडावर आला तरी त्यांनी निरोप धाडला नाही. कोणत्या तोंडानं धाडणार?

म्हणून एका रविवारी मीच निघाले. वैजापूरच्या अलीकडं एका रानात ती सापडली, कोकराला मांडीवर घेऊन दूध पाजत होती. मला पाहून म्हणाली, "ये गं, मास्तरणी. भाऊ बरा हाय ना?"

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "आत्या, तुला नको म्हणायला मीच लावलं. दादांचं काही चुकलं नाही."

"गप. तुझा बाप दोनदा येऊन गेला हितं. पहिल्यांदा म्हणला, अक्का, माझंच डोस्कं फिरलं व्हतं. दुसऱ्यांदा आला तवा मीच म्हणलं, भाऊ, लबाड बोलू नको, तुला जमत नाय. तवा रडला. म्हणला, पोरीला काय बोलू नको, लई कष्टानं शिकलीया. आन मेंढ्या घिऊन ये म्हणायची हिंमत त्याला झाली नाय."

मी तिथंच ढेकळात बसले आणि रडले. दादा इतक्या लांब दोनदा आले होते, आणि घरात मला कशाचा पत्ता नव्हता.

आत्यानं मला रडू दिलं. मग म्हणाली, "पऱ्हाटी जाळली न्हाईस हे ब्येस केलंस. पर नुसत्या कोरड्या भाकरीवर कुणी जगतं व्हय? संगं कालवण, कोरड्यास लागतं. पऱ्हाटी मातीची भाकर, आन लेंडी तिचं कोरड्यास." पंधरा वर्षं शिकून मला जे समजलं नव्हतं ते हिनं दोन वाक्यांत सांगितलं. मला हसू आलं आणि रागही आला, स्वतःचाच. निघताना मी तिला मेंढ्या घेऊन यायला सांगितलं.

आठवड्यानं कळप आमच्या शिवारात शिरला. यंदा ज्या रानात कपाशी होती तिथलीही पऱ्हाटी बारीक करून पसरलेली होती, तिच्यावरच मेंढ्या चालत आल्या. बांधावर पारावरचे तेच हसणारे लोक जमले. त्यांतल्या एकानं विचारलं, "का आत्याबाई, भावानं बोलावलं वाटतं यंदा?"

"भावानं कुठं? तो भितो मला," आत्या मोठ्यानं म्हणाली. "मास्तरणीनं बोलावलं. रानाला काय पायजेल ते तिला कळतं."

दादा खण हातात घेऊन उभे होते. तो आत्याला द्यायचा सोडून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांच्या देखत, न लाजता, रडले.