म्हसोबाची वटवाघळं आणि माझं भाषण

मित्रांनो, आज सकाळी माकणीजवळच्या एका गावात वटवाघळं वाचवण्यासाठी भाषण केलं. आता घरी बसलोय आणि आपण नेमकं काय करून आलो, हेच कळत नाही.

तिथल्या चिंचेवर शेकडो वटवाघळं लटकतात. गाव त्यांना म्हसोबाची मानतं. म्हणून झाडाला कुऱ्हाड लागत नाही. लग्नाची वरातसुद्धा तिथून बँड बंद करून जाते.

मी नेहमीच्या आवेशात गरजलो, "ही कुणा देवाची नाहीत. भीती सोडा! ही वड-उंबराच्या बिया दूरवर पेरतात, परागकण वाहतात, म्हणून जपा!" टाळ्या पडल्या.

मग शेजारच्या पेरूबागेचे मालक उठले. "सर, म्हंजी म्हसोबा कोपत न्हाय?"

"अजिबात नाही!"

"लई बरं झालं. निम्मे पेरू हीच खात्यात. चिंच माझ्याच बांधावर हाय, उद्याच तोडतो."

सगळे हसले. मी बागेवर जाळी टाकायला सुचवलं. "जाळी तुम्ही देताव का?" पुन्हा हशा.

निघताना त्यांच्या आईनं मला गाठलं. "लई शिकलास रं बाबा. माझ्या लेकाला म्या लहानपणापासून म्हसोबाचं भ्या घातलं हुतं. तू अर्ध्या तासात काढलंस."

आयुष्यभर मी अंधश्रद्धेविरुद्ध बोललो. उद्या कुऱ्हाडीच्या आधी मला तिथं पोहोचायचंय. खरं सांगून ते ऐकतील, असं वाटत नाही. म्हसोबा कोपेल म्हटलं, तर लगेच ऐकतील.

तुम्ही माझ्या जागी असता, तर काय बोलला असता?