मॅडमला गाय ओळखता येत नाय

नातीला मुरबाडच्या इंग्रजी शाळेत केजीला घातलं, कारण शेजाऱ्यांनी त्यांची पोर घातली होती. दुसरं कारण मला तरी कुणी सांगितलं नाही. गावात अंगणवाडी आहे, खिचडी मिळते, पण ती सुनेच्या डोळ्यांत भरत नाही. पोर सकाळी टाय लावून गाडीत बसे आणि दुपारी टाय चघळत उतरे.

उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेतून निरोप आला. पोर विचारलं तरी काही बोलत नाही, तिला त्याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल. घरात सुतक पडलं. मुलगा जेवला नाही, सून रडली. जणू पोरीची सरकारी नोकरी गेली.

मी तिला वालाच्या शेंगा सोलायला घेऊन बसले. विचारलं, "शाळंत काय शिकतेस गो?"

"आमी नाय शिकत. मॅडम शिकते."

"म्हंजे?"

"तिला गाय पण वळखता येत नाय. चित्र दाखवते नि आमालाच इचारते, हे काय? पोरं सांगतात, काऊ. दुसऱ्या दिवशी परत इचारते."

"मग तू का नाय सांगत?"

"किती येळा सांगायचं? सगळ्यांसमोर तिला लाज वाटंल ना."

पोरीचं काय चुकलं? आमच्या घरात ज्याला माहीत नाही तोच विचारतो. म्हैस कुठं गेली, कोयता कुणी नेला. माहीत असून विचारणारे दोनच, पोलीस आणि मास्तर. आमचा मास्तर छडी घेऊन विचारायचा, म्हणून आमचा घोळ झाला नाही. मारायला निमित्त पाहिजे, एवढं कळायचं. चौथीपर्यंत मी तेच शिकले. आता छडी गेली, चित्रं आली, आणि विचारतात तेही गोड हसून. पोरांनी काय समजायचं?

सुनेला सांगितलं, तर म्हणाली, "आई, असलं काय मॅडमसमोर बोलू नका." म्हणून शाळेत बोलावलं तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले.

मॅडम म्हणजे विशीतली पोरगी. तिने हत्तीचं चित्र धरलं. "व्हॉट इज धिस?" नात खाली बघत राहिली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

"बघितलंत?" मॅडम सुनेला म्हणाली.

मी म्हटलं, "तिला वाटतं, तुमाला येत नाय."

सुनेने मला चिमटा काढला. मॅडम लाल झाली. "मला येत नाही? मला?" आणि तिने तावातावाने एकेक चित्र टेबलावर आपटलं. एलिफंट. काऊ. मँगो. अंब्रेला. एकही चुकलं नाही.

नात खुर्चीवरून उतरली आणि टाळ्या वाजवायला लागली. "व्हेरी गुड!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, आलं गो तिला सगळं!"

पुढच्या आठवड्यात शाळेने कळवलं, पोरीला वरच्या वर्गात घातलंय. मग सुनेने आळीत पेढे वाटले. पोर हुशार निघाली म्हणे. मी पेढा खाल्ला. हुशार कसली? ही पोर आणखी एक वर्ष समोर बसलेली त्या मॅडमला नको होती.